तात्यांचं रिटर्न, आपलं रिटर्न आणि वरळीचा सोनेरी टॉवर

गिरणीचा_पोर (धागाकर्ता), रविवार रात्री ११:१२

मंडळी, दरवर्षी जुलै आला की डोक्यात हा भुंगा लागतो म्हणून शेवटी धागा काढतोच. काल रिटर्न भरायला बसलो तर एआयएसमध्ये (टॅक्स खात्याकडे आपल्या उत्पन्नाची जी नोंद असते त्यात) ४३ रुपये व्याज दिसतंय. कुठल्या खात्याचं तर कॉलेजात स्कॉलरशिपसाठी उघडलेल्या एका बचत खात्याचं, जे मी साफ विसरलो होतो पण सरकार विसरलं नव्हतं. आमचे सीए म्हणाले दाखवून टाका, कशाला उगाच. दाखवलं.

आणि आज वरळीला पांडुरंग बुधकर मार्गावरून जाताना तो सोनेरी टॉवर दिसला, ट्रम्पतात्यांच्या नावाचा. तिथे आधी एनटीसीची, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाची, मुंबई टेक्सटाईल मिल होती. आमचे वडील त्या गिरणीत नव्हते, शेजारच्याच एकीत साचेखात्यात होते, पण त्या भोंग्यावर आमच्या चाळीचं घड्याळ चालायचं. असो. तर टॉवरकडे बघताना आठवलं की न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर २०२० मध्ये छापलं होतं की या गृहस्थांनी २०१७ साली, म्हणजे अध्यक्ष असताना, अमेरिकेच्या केंद्र सरकारला इन्कम टॅक्स भरला ७५० डॉलर. आणि त्याच वर्षी त्यांनी किंवा त्यांच्या कंपन्यांनी भारतात भरला १,४५,४०० डॉलर. तेव्हाच्या भावाने आपल्याकडे नव्वद-पंच्याण्णव लाख आणि स्वतःच्या देशात पन्नासेक हजार. म्हणजे तात्या आपलेच मोठे करदाते निघाले की!

प्रश्न असे की (१) एवढी वर्षं ते रिटर्न दडवून का ठेवलं, (२) शेवटी बाहेर आलं त्यात निघालं काय, आणि (३) आपल्याकडे नेत्यांचं रिटर्न आपल्याला बघता येतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रुमालटाक्या, रविवार रात्री ११:१५

रुमाल टाकून ठेवतोय. सीए लोक येऊ द्या मग वाचतो.

खोडसाळ_काका, रविवार रात्री ११:३१

केसांचं सांगा की आधी! टीव्ही शोच्या काळात केशरचनेचे ७०,००० डॉलर खर्चात दाखवले होते म्हणे. आमच्या गल्लीतला न्हावी ही बातमी ऐकून दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता, त्याला वाटलं मी त्यालाच टोमणा मारतोय.

परळचा_सीए, सोमवार सकाळी ८:०५

लोकलमधून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पहिल्यांदा ४३ रुपये. कराच्या जुन्या पद्धतीत असशील तर बचत खात्याचं १०,००० पर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, तेव्हा घाबरू नकोस, पण दाखवायचं ते दाखवायचंच.

आता तात्या. लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की रिटर्न बघितलं की माणूस किती श्रीमंत ते कळतं. नाही कळत. रिटर्न म्हणजे त्या एका वर्षाची कमाई, आणि तीसुद्धा कायद्याच्या व्याख्येतली कमाई. तिजोरीत काय आहे ते त्यात येत नाही. त्यामुळे 'खरंच अब्जाधीश आहे का' या प्रश्नाचं उत्तर त्या कागदात सापडणारच नव्हतं.

सापडणार होता तो तोटा. १९९५ सालच्या रिटर्नची काही पानं टाइम्सला मिळाली, ती त्यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर छापली, त्यात ९१ कोटी ६० लाख डॉलर तोटा दाखवलेला. अटलांटिक सिटीचे कॅसिनो, विमान कंपनी, न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल, सगळं त्या काळात बुडत होतं. आता हा तोटा पुढे ओढता येतो. आपल्याकडे धंद्यातला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, तिकडे तेव्हा ३ वर्षं मागे आणि १५ वर्षं पुढे नेता यायचा. म्हणजे एकदा एवढा मोठा खड्डा पडला की पुढची कित्येक वर्षं कमाई त्यातच ओतायची. शिवाय बिल्डर माणूस, त्याला घसारा मिळतो. इमारतीचा भाव चढतोय पण कागदावर ती दरवर्षी झिजतेय. आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड शब्द आहे हा, घसारा.

पण माझ्या मते खरी गोम करात नव्हतीच, कर्जात होती. टाइम्सच्याच बातमीत होतं की ४२ कोटी १० लाख डॉलरच्या कर्जाला तात्यांची स्वतःची हमी होती, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या चार वर्षांत फेडायचं होतं. देशाचा प्रमुख कोणाचं देणं लागतो? आपण साधा भाडेकरू ठेवताना दहा चौकशा करतो.

करी रोड आलं, उतरतो.

शिवडी_फास्ट, सोमवार सकाळी ९:२०

मला यात गैर काय तेच कळत नाही. तोटा झाला, कायद्याने वजावट दिली, घेतली. तुम्ही नाही का भाड्याच्या पावत्या आईच्या नावाने करून एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट घेत? हिलरीबाईंनी २६ सप्टेंबर २०१६ च्या वादविवादात टोचलं की हे कर भरत नाहीत, तर तात्या तिथल्या तिथे म्हणाले म्हणजे मी हुशार ठरतो. बरोबरच बोलले. प्रत्येक माणूस सीएकडे जातो ते कर वाढवून घ्यायला जातो का?

दादर_टीटी, सोमवार सकाळी १०:०२

@शिवडी_फास्ट, हुशारी आहे हो, पण मग दाखवा ना लोकांना ती हुशारी! कोर्टाच्या पायऱ्या झिजवून लपवायची कशाला? अध्यक्ष असतानाचं मॅनहॅटनच्या सरकारी वकिलाचं प्रकरण आठवा, जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की अध्यक्ष आहात म्हणून फौजदारी चौकशीतल्या समन्सपासून सरसकट सुटका नाही. तरी पुढे कागद सरकारी वकिलाच्या हातात पडायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.

(आणि एचआरएबद्दल जाहीर बोलू नका, इथे सीए वाचतायत. ह. घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मुलुंडकरीण, सोमवार दुपारी २:४०

मी १४ वर्षं न्यू जर्सीत होते, आता परत मुलुंडला. धाग्याचा विषय जिव्हाळ्याचा आहे कारण तिकडे दर एप्रिलला ऑफिसात यावरच गप्पा. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तिकडे अध्यक्षाने रिटर्न दाखवावं असा कायदाच नाही. नुसती रीत आहे, आणि ती रीत पडली निक्सनमुळे. १९७३ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्राने छापलं की निक्सनसाहेबांनी १९७० चा टॅक्स भरला ७९२ डॉलर ८१ सेंट, आणि १९७१ चा ८७८ डॉलर ३ सेंट. पगार किती, तर वर्षाला दोन लाख डॉलर. हे झालं कसं? उपाध्यक्ष असतानाची आपली कागदपत्रं त्यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराला दान केली होती आणि त्यांची किंमत लावली ५,७६,००० डॉलर. तेवढी वजावट. पण अशा दानावरची सवलत जुलै १९६९ नंतर बंद झाली होती, आणि दानपत्र केलं होतं १९७० मध्ये नि तारीख घातली होती मार्च १९६९ ची. ओळखीची वाटतेय ना युक्ती? आमच्या सासऱ्यांच्या गावी एका सातबाऱ्याच्या भानगडीत हेच झालेलं, मागची तारीख नि जुना स्टॅम्पपेपर.

तर तो जो 'मी काही चोर नाही' असा निक्सनचा प्रसिद्ध उद्गार आहे, तो सगळ्यांना वॉटरगेटबद्दलचा वाटतो. तो १७ नोव्हेंबर १९७३ ला ऑर्लँडोला संपादकांसमोर बोलताना आलेला आहे, आणि विषय चालला होता त्यांच्या पैशांचा! पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतः रिटर्न जाहीर केली, संसदेच्या समितीला म्हणाले तपासा. समितीने तपासली आणि एप्रिल १९७४ मध्ये सांगितलं की साडेचार लाखांच्या वर, नेमके ४,७६,४३१ डॉलर निघतायत. त्याच काळात, १० ऑक्टोबर १९७३ ला, उपाध्यक्ष ॲग्न्यू करचुकवेगिरीच्या खटल्यात राजीनामा देऊन गेले होते. एकाच सरकारात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांचीही वही लाल शाईने भरलेली.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. अध्यक्षपदाच्या उमेदवारांनी आपणहून रिटर्न दाखवायची पद्धत पडली. आणि १९७७ पासून टॅक्स खात्याने नियम केला की अध्यक्ष-उपाध्यक्षांचं रिटर्न दरवर्षी तपासायचंच, कोणाच्या इच्छेवर नाही.

आता तात्या २०१६ मध्ये म्हणत होते की माझं ऑडिट चालू आहे, ते संपलं की दाखवतो. ऑडिट चालू असताना दाखवायला कायद्याची काही आडकाठी नव्हती, निक्सनने तर तपासणी चालू असतानाच दाखवलं होतं. पण खरी गंमत पुढे आहे. एप्रिल २०१९ मध्ये संसदेच्या कर समितीच्या अध्यक्षांनी, रिचर्ड नील यांनी, १९२४ च्या एका कायद्याखाली रिटर्न मागवली. अर्थमंत्र्यांनी नाही म्हणून सांगितलं, कज्जा साडेतीन वर्षं चालला, २२ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने तात्यांचा अर्ज फेटाळला तेव्हा समितीच्या हातात कागद पडले. आणि काय निघावं? पहिल्या दोन वर्षांत ते सक्तीचं ऑडिट सुरूच केलं नव्हतं! ऑडिटचं पहिलं पत्र निघालं ते ३ एप्रिल २०१९ ला, ज्या दिवशी नीलसाहेबांनी रिटर्न मागितली त्याच दिवशी.

म्हणजे 'ऑडिट चालू आहे म्हणून दाखवत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाचं, ज्या वर्षांत नियमाने व्हायला हवं होतं त्या वर्षांत, ऑडिट सुरूच झालं नव्हतं. (जुन्या वर्षांचं एक चालू होतं हे खरं, ७ कोटी २९ लाख डॉलरच्या परताव्यावरून.) मला तर तात्यांपेक्षा त्या टॅक्स खात्याचीच जास्त मौज वाटली.

गिरणीचा_पोर, सोमवार दुपारी ३:१०

ताई दंडवत!! आम्हाला ४३ रुपये सोडत नाहीत आणि तिकडे दोन वर्षं पत्रच नाही. मग शेवटी आकडे काय निघाले?

मुलुंडकरीण, सोमवार दुपारी ३:३५

३० डिसेंबर २०२२ ला २०१५ ते २०२० ची सहा वर्षांची रिटर्न जाहीर झाली. २०१६ नि २०१७ ला तेच ७५० डॉलर. २०१८ ला मात्र जवळपास दहा लाख डॉलर भरलेले, २०१९ ला १,३३,४४५, आणि २०२० ला शून्य. चीनमध्ये बँक खातं होतं तेही त्यात दिसलं. बाकी फार मोठा बॉम्ब फुटला नाही. सहा वर्षं लोक ज्याची वाट बघत होते तो पिक्चर लागला आणि निम्मे प्रेक्षक मध्यंतरातच उठून गेले.

खोडसाळ_काका, सोमवार दुपारी ४:००

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). पण आपल्या धागाकर्त्याचा मूळ मुद्दा राहिला, वरळीचा टॉवर तात्यांचा आहे का?

परळचा_सीए, सोमवार संध्या. ६:५०

नाही. बांधला लोढांनी. २००५ मध्ये ती १७ एकर गिरणी डीएलएफने एनटीसीकडून ७०२ कोटींना घेतली, २०१२ मध्ये लोढांना विकली २,७२७ कोटींना. तात्या फक्त नाव देतात आणि नावाचे पैसे घेतात. पुण्यात कल्याणीनगरलाही तसंच आहे, तिथला बिल्डर वेगळा. विटेला हात न लावता मिळणारी कमाई, तोटा व्हायचा प्रश्नच कमी. त्यामुळे कर इकडे भरावा लागला नि तिकडे तोट्यांच्या डोंगराखाली सगळं झाकलं गेलं, असं माझं वाचन आहे.

गिरणीचा_पोर, सोमवार संध्या. ७:१५

सात वर्षांत ७०२ चे २,७२७. आणि संपानंतर वडिलांची देणी मिळायला आम्हाला किती वर्षं लागली ते सांगत नाही, धागा भरकटेल.

दादर_टीटी, सोमवार रात्री ९:३०

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे रिटर्न बघता येत नाही. माहिती अधिकारात मागितलं तर खाजगी माहिती म्हणून नाकारतात, सुप्रीम कोर्टानेही २०१२ मध्ये सांगितलंय की व्यापक जनहित दाखवल्याशिवाय इन्कम टॅक्स रिटर्न मिळणार नाही. पण प्रतिज्ञापत्र बघता येतं! एडीआर या संस्थेने केलेल्या केसमध्ये २ मे २००२ ला निकाल लागला, मग सरकारने तो पातळ करायला कायदा आणला, तो कोर्टाने मार्च २००३ मध्ये उडवला, तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. फॉर्म २६. आणि २०१९ पासून स्वतःचं, बायकोचं/नवऱ्याचं, एकत्र कुटुंबाचं गेल्या पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्नही लिहावं लागतं.

परळचा_सीए म्हणतात ते 'कोणाचं देणं लागतो', त्याचा रकाना आपल्या फॉर्ममध्ये आहे! तिकडे जो जाहीर फॉर्म भरतात त्यात इतक्या ते इतक्या डॉलरमध्ये असे नुसते टप्पे असतात, आपल्याकडे रुपयापर्यंत आकडा. या एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत हे लिहिताना जरा बरं वाटतंय.

घाटकोपर पूर्वचे पराग शाह बघा, २०१९ ला ५०० कोटींच्या आसपास जाहीर केले होते, २०२४ ला ३,३८३ कोटी. सगळं लिहून दिलेलं, घरबसल्या वाचा.

शिवडी_फास्ट, सोमवार रात्री ९:५५

आणि जो उभाच राहत नाही त्याचं काय? आपल्या मुंबईत पन्नास वर्षं राजकारण ज्यांच्या शब्दावर हललं त्यातल्या कितीजणांनी फॉर्म भरलाय? ठाकरे घराण्यात पहिल्यांदा उभे राहिले ते आदित्य, २०१९ ला, याच वरळीतून, तेव्हा लोकांना पहिल्यांदा आकडा कळला, १६ कोटींच्या आसपास. उद्धवजींचा कळला मे २०२० ला विधान परिषदेच्या वेळी, १४३ कोटींच्या आसपास. ते मुख्यमंत्री झाले नसते तर कळलाच नसता. राज साहेब कधी उभेच राहिले नाहीत. मी यात कोणावर आरोप करत नाहीये, मी स्वतः शाखेत वाढलोय, पण नियमच असा आहे की सत्ता चालवणाऱ्याला लागू नाही, खुर्चीवर बसणाऱ्याला लागू. दिल्लीतही असे भरपूर आहेत, सगळ्या पक्षांत.

रुमालटाक्या, सोमवार रात्री १०:०१

पॉपकॉर्न आणतो.

संपादक मंडळ, सोमवार रात्री ११:२०

चार प्रतिसाद उडवले आहेत. पक्षीय धुळवड दुसऱ्या धाग्यावर. शिवडी_फास्ट यांचा मूळ प्रतिसाद तसाच ठेवला आहे कारण त्यात मुद्दा आहे.

लालबागची_लेक, मंगळवार सकाळी ७:४५

मी दुसरी बाजू मांडू का? ती तात्यांची रिटर्न टाइम्सकडे गेली कशी माहितीये का? टॅक्स खात्यासाठी काम करणाऱ्या चार्ल्स लिटलजॉन नावाच्या कंत्राटी माणसाने ती बाहेर दिली, नुसती तात्यांची नाही, हजारो श्रीमंत लोकांची. जानेवारी २०२४ मध्ये त्याला पाच वर्षं शिक्षा झाली. मी स्वतः पेरोलमध्ये काम करते, माझ्या स्क्रीनवर अख्ख्या कंपनीचे पगार असतात. उद्या मी ठरवलं की अमक्याचा पगार लोकांना कळायलाच हवा आणि दिला व्हॉट्सॅपवर, तर? नेत्याचं कळावं हे मला पटतं, पण ते कायद्याने कळावं. नाहीतर आज त्यांचं, उद्या तुमचं ते ४३ रुपयेवालं.

मुलुंडकरीण, मंगळवार सकाळी ९:१०

पटलं. नॉर्वेत तर सगळ्यांचंच बघता येतं, शेजाऱ्याचंसुद्धा. फक्त २०१४ पासून तुम्ही कोणाचं बघितलंत ते त्या माणसाला कळतं. तेव्हापासून म्हणे बघणारे एकदम कमी झाले.

खोडसाळ_काका, मंगळवार सकाळी ९:३२

आमच्या सोसायटीत गेटवरच्या बोर्डावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लागते, फ्लॅट नंबर आणि रकमेसकट. तीन महिने लागली, वसुली झाली ऐंशी हजारांची. चौथ्या महिन्यात सेक्रेटरीचाच फ्लॅट यादीत यायला लागला, तेव्हापासून बोर्डाला कुलूप आहे, गणपतीच्या वर्गणीची नोटीसही आतून चिकटवतात.

नॉर्वेवाली पद्धत आणली तर आमच्या बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी कोणी कोणाचं बघितलं याचीच यादी लावावी लागेल.

परळचा_सीए, मंगळवार सकाळी ९:५०

प्रतिज्ञापत्राबद्दल दादर_टीटी फार खूष झाले म्हणून थोडं मीठ टाकतो. एक, त्यातले आकडे कोणी तपासत नाही, खोटं निघालं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं कलम आहे, पण तक्रार करणारा मिळाला पाहिजे. दोन, शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे मुंबईत जन्मलेल्या माणसाची शेतीही फार पिकते. तीन, बाजारभाव उमेदवाराने स्वतः लिहायचा. आणि चार, उत्पन्नाचा फक्त वर्षाचा एकूण आकडा, तो बनला कशाचा, वजावटी कुठल्या, तोटा कुठून ओढत आणला ते रिटर्नमध्ये असतं, जे आपल्याला दिसत नाही. तिकडे रिटर्न मागत होते, आपल्याकडे मालमत्ता दाखवतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर माणूस कळेल.

अवांतर: उत्तर प्रदेशात १९८१ पासून मुख्यमंत्री नि मंत्र्यांचा इन्कम टॅक्स सरकारच भरायचं, मंत्री गरीब असतात म्हणून! २०१९ मध्ये बातमी आली तेव्हा कुठे बंद करायचं ठरलं. तात्यांना हे कळलं असतं तर ७५० पण वाचले असते.

गिरणीचा_पोर, मंगळवार रात्री १०:४०

सगळ्यांचे आभार. आज घरी आल्यावर आपल्या वॉर्डातल्या एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र उघडलं, नाव सांगत नाही. तिरकं स्कॅन केलंय, पान उलटं, मी मोबाईल उलटा धरून वाचतोय. गेल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाच्या रकान्यावर नोटरीचा गोल शिक्का नेमका आकड्यांवर बसलाय. कोणाला वाचता येतंय का? फोटो टाकलाय.

परळचा_सीए, मंगळवार रात्री १०:५५

पहिला आकडा ४ आहे की ९ ते कळत नाही. पण खाली बघ, पत्नीची ओळ स्वच्छ आहे.

गिरणीचा_पोर, मंगळवार रात्री १०:५८

पत्नी : निरंक. एकत्र कुटुंब : निरंक. पुढच्या पानावर सोनं, पत्नीच्या नावे, ६१० ग्रॅम.

खोडसाळ_काका, मंगळवार रात्री ११:०३

माहेरचं असेल हो.